स्वस्त लॅपटॉप, लिनक्स आणि संगणकीय खेळ : एका छंदाचा इतिहास (१९९१ ते २०२२)

प्रस्तावना

ऑक्टोबर २००७ मध्ये तैवानच्या आसुस कंपनीने 'ई पीसी' नावाचा सात इंची पडद्याचा छोटा लॅपटॉप बाजारात आणला. त्याच्या चार जीबी साठवण असलेल्या प्रारूपाची अमेरिकेतील किंमत ३९९ डॉलर होती आणि त्यात लिनक्स ही कार्यप्रणाली आधीच बसवलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीने 'स्टीम डेक' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र आणले. त्याच्या सर्वांत स्वस्त प्रारूपाची किंमतही ३९९ डॉलरच होती आणि त्यातही लिनक्सच होते. पहिल्या प्रकारच्या यंत्रांतून लिनक्स काही महिन्यांतच मागे हटले. दुसऱ्या यंत्रात मात्र ते टिकले. किंमत तीच आणि कार्यप्रणालीही तीच असताना निकाल वेगळा का लागला, याचा विचार प्रस्तुत पाठात करायचा आहे.

१. छंद म्हणून सुरुवात

लिनस टॉरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी होता. जानेवारी १९९१ मध्ये त्याने इंटेल ३८६ प्रोसेसरचा संगणक घेतला. मागवलेली 'मिनिक्स' ही प्रणाली हाती येईपर्यंत आपण 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ खेळत बसलो होतो, असे त्याने आत्मचरित्रात नमूद केले आहे. त्याच वर्षी २५ ऑगस्टला एका चर्चागटात त्याने आपण नवी प्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले. हा केवळ छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, अशी त्याची तेव्हाची समजूत होती. १९९२ मध्ये लिनक्स 'जीपीएल' या मुक्त परवान्याखाली आले. त्यामुळे ते वापरण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मुभा प्रत्येकाला मिळाली.

भारतातील हौशी वापरकर्त्यांपर्यंत लिनक्स प्रामुख्याने सीडीच्या रूपाने पोहोचले. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने अंकासोबत लिनक्सच्या सीडी दिल्या. २००४ मध्ये 'उबुंटू' हे वितरण सुरू झाले आणि पुढील काही वर्षे त्याच्या सीडी मागणी नोंदवणाऱ्याच्या घरी टपालाने विनामूल्य येत असत. इंटरनेटचा वेग कमी असलेल्या काळात याचे मोल मोठे होते. मात्र सीडी आली म्हणजे काम झाले असे नव्हते. त्या काळच्या स्वस्त संगणकांत बहुधा 'विनमोडेम' असे. हे मोडेम आपले बरेचसे काम विंडोजमधील सॉफ्टवेअरकडून करून घेत असल्यामुळे लिनक्सवर ते बहुधा चालत नसे. दुरुस्तीचा उपाय इंटरनेटवर असे आणि इंटरनेट तर मोडेममुळेच बंद पडलेले असे. स्वस्त यंत्र आणि मुक्त प्रणाली यांचे नाते असे पहिल्यापासूनच अडचणीचे होते.

२. खेळांचा प्रश्न

पत्रलेखन, हिशेब, आज्ञावली लिहिणे यांसाठी लिनक्सवर हळूहळू साधने तयार झाली. खेळांचे तसे झाले नाही. याचे कारण तांत्रिक आहे. खेळ चित्र काढण्यासाठी, ध्वनीसाठी आणि कळफलक वाचण्यासाठी कार्यप्रणालीकडे सतत मागण्या करतो. १९९५ पासून मायक्रोसॉफ्टने या मागण्यांसाठी 'डायरेक्टएक्स' हा संच दिला. त्यावर लिहिलेला खेळ विंडोजशी बांधला गेला. लिनक्सचे वापरकर्ते थोडे म्हणून कंपन्या खेळ काढत नसत आणि खेळ नाहीत म्हणून वापरकर्ते वाढत नसत.

हा पेच सोडवण्याचे तीन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग, खेळाचा मूळ संकेत खुला करणे. 'डूम' हा खेळ डिसेंबर १९९३ मध्ये आला आणि १९९४ मध्ये त्याची लिनक्स आवृत्ती तयार झाली. डिसेंबर १९९७ मध्ये इड सॉफ्टवेअरने त्याचा संकेत प्रसिद्ध केला, तो लिनक्स आवृत्तीचाच होता, कारण डॉस आवृत्तीतील ध्वनीचा भाग दुसऱ्याच्या मालकीचा होता. आज डूम वाटेल त्या यंत्रावर चालवून दाखवण्याची हौस दिसते, तिचे मूळ येथे आहे.

दुसरा मार्ग, खेळ लिनक्ससाठी नव्याने जुळवून विकणे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या लोकी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीने हे काम केले, परंतु ग्राहक पुरेसे नसल्याने २००२ च्या आरंभी ती बंद पडली. कंपनी गेली तरी तिच्या काळात वाढलेले 'एसडीएल' हे ग्रंथालय मागे राहिले. त्याचा कर्ता सॅम लँटिंगा पुढे व्हॉल्व्हमध्ये गेला.

तिसरा मार्ग 'वाइन' प्रकल्पाचा. त्याची सुरुवात १९९३ मध्ये झाली. वाइन हे विंडोजची किंवा प्रोसेसरची नक्कल करणारे यंत्र नव्हे. विंडोजचा कार्यक्रम जी मागणी करतो, तिचे उत्तर वाइन लिनक्सच्या साहाय्याने देते. त्याला दोन भाषा जाणणारा दुभाषा म्हणता येईल. या दुभाष्याला विंडोजच्या हजारो मागण्या एकेक करून शिकाव्या लागल्या. म्हणूनच त्याची १.० आवृत्ती यायला जून २००८ उजाडले.

३. स्वस्त यंत्रांची लाट

सर्वसामान्यांना परवडेल असे यंत्र करायचे तर कार्यप्रणालीचा परवाना विकत घेणे परवडत नाही, हा विचार भारतात लवकर पुढे आला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि तेथील अभियंते यांनी 'सिम्प्युटर' हे लिनक्सवर चालणारे हातातील यंत्र २००१ मध्ये मांडले. त्याची विक्री अपेक्षेपेक्षा फार कमी राहिली.

२००५ मध्ये निकोलस नेग्रोपाँटे यांनी विद्यार्थ्यांसाठी १०० डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जाहीर केली. प्रत्यक्षात तयार झालेले 'एक्सओ' हे यंत्र त्याहून बरेच महाग पडले. भारताच्या केंद्रीय शिक्षण खात्याने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील छोट्या शाळेत या यंत्रांचा प्रयोग झाला.

लहान व स्वस्त लॅपटॉपला बाजार आहे, हे ई पीसीने दाखवून दिले. त्यात ५१२ एमबी मेमरी होती आणि वजन एक किलोपेक्षा कमी होते. सोबत 'फ्रोझन बबल' यांसारखे काही छोटे मुक्त खेळही दिलेले होते. परंतु दुकानात लॅपटॉप घेणाऱ्या ग्राहकाला 'माझा खेळ यावर चालेल का?' हे विचारायचे असते. या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी होते. ऑक्टोबर २००८ मध्ये एमएसआय कंपनीच्या एका अधिकाऱ्याने सांगितले की, त्यांची लिनक्सची नेटबुके परत येण्याचे प्रमाण विंडोजच्या नेटबुकांपेक्षा निदान चौपट आहे.

मायक्रोसॉफ्टचे उत्तरही याच वर्षी आले. विंडोज एक्सपीची सर्वसाधारण विक्री जून २००८ अखेर थांबणार होती. कंपनीने अल्पखर्चाच्या लॅपटॉपांपुरती ती जून २०१० पर्यंत वाढवली. २००९ पर्यंत बहुतेक नवी नेटबुके एक्सपीसह विकली जाऊ लागली. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या लहानशा यंत्रांवर त्या काळचे मोठे खेळ विंडोजमध्येही धड चालत नव्हते. पण जुने खेळ चालत होते, आणि कमी पैशांत संगणक घेणाऱ्याचा संग्रह बहुधा जुन्या खेळांचाच असतो.

४. भारतातील अनुभव

२००७ मध्ये सी-डॅकने डेबियनवर आधारलेली 'बॉस' ही प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय होती. केरळने शाळांतील संगणक शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले. तमिळनाडूने २०११ पासून विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप दिले. सुरुवातीच्या यंत्रांवर बॉस आणि विंडोज दोन्ही होते. केरळमध्ये अभ्यासक्रम, शिक्षक आणि परीक्षा तिन्ही लिनक्सशी जोडलेली असल्यामुळे ते रुजले. जेथे दोन प्रणाली शेजारी होत्या, तेथे घरी गेल्यावर कोणती उघडायची हे विद्यार्थी स्वतः ठरवणार होता.

खासगी बाजारात चित्र निराळे होते. किंमत कमी ठेवण्यासाठी अनेक लॅपटॉप डॉस किंवा उबुंटू घालून विकले जात. विकत घेतल्यावर त्यावर विंडोजची बिनपरवाना प्रत बसवून घेणे ही सर्रास चालणारी पद्धत होती. म्हणजे लिनक्समुळे यंत्र स्वस्त मिळत होते, पण लिनक्स वापरले जात नव्हते. वापरकर्त्याला एका बाजूला परवडत नसलेला परवाना आणि दुसऱ्या बाजूला आपले खेळ व कार्यक्रम न चालवणारी कायदेशीर प्रणाली, यांतून निवड करावी लागत होती. चोरीची प्रत ही या कोंडीतून काढलेली पळवाट होती.

५. दुसरा प्रयत्न

२०१२ मध्ये विंडोज ८ सोबत मायक्रोसॉफ्टने स्वतःचे विक्रीदालन आणले. आपले दुकान दुसऱ्याच्या जागेत आहे, ही जाणीव व्हॉल्व्हला झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने 'स्टीम' हे दालन लिनक्सवर आणले. २०१५ मधील 'स्टीम मशीन' मात्र फसले, कारण त्यावर फक्त लिनक्ससाठी केलेले खेळच चालत. म्हणजे लोकीची अडचण पुन्हा पुढे आली.

ऑगस्ट २०१८ मध्ये व्हॉल्व्हने 'प्रोटॉन' प्रसिद्ध केले. त्याचा पाया वाइनचाच होता. त्याला 'डीएक्सव्हीके' या साधनाची जोड मिळाली. डायरेक्टएक्सच्या चित्रविषयक मागण्या हे साधन 'व्हल्कन' या खुल्या प्रमाणात बदलते. हौशी मंडळींनी पंचवीस वर्षे केलेले काम आणि एका कंपनीचा पैसा येथे एकत्र आले. स्टीम डेकवर पहिल्या दिवसापासून विंडोजसाठी लिहिलेले अनेक खेळ चालले आणि ग्राहकाला आत कोणती प्रणाली आहे याचा विचारही करावा लागला नाही.

हे यश अपुरे आहे. 'व्हॅलोरंट'सारख्या खेळांची फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करते, त्यामुळे ते लिनक्सवर चालत नाहीत. स्टीम डेकची विक्री सुरू झाली तेव्हा भारताचा त्या बाजारपेठांत समावेश नव्हता. परंतु प्रोटॉनचा संकेत खुला असल्याने त्याचा लाभ साध्या लॅपटॉपवरही घेता येतो.

सारांश

स्वस्त यंत्रामुळे लिनक्सला लोकांच्या घरात प्रवेश मिळाला, पण तेथे टिकणे किमतीवर अवलंबून नव्हते. वापरकर्ता आपल्यासोबत जुने कार्यक्रम, सवयी आणि खेळ घेऊन येतो. त्यांना जागा देणारी प्रणाली तो स्वीकारतो. २००७ मध्ये ही जागा तयार नव्हती, २०२२ पर्यंत ती बऱ्याच अंशी झाली. शाळा आणि शासन यांच्या योजनांत खेळाला बहुधा गौण मानले जाते. या इतिहासावरून असे दिसते की, यंत्र आपलेसे होते की नाही हे पुष्कळदा अभ्यासाच्या तासानंतर ठरते.

विचारार्थ प्रश्न

१. वाइनला दुभाषा का म्हटले आहे?
२. लोकी सॉफ्टवेअर आणि स्टीम मशीन यांच्या अपयशातील साम्य स्पष्ट करा.
३. केरळमधील शाळांत लिनक्स रुजले, पण खासगी लॅपटॉपवर रुजले नाही. कारणे द्या.