अर्ज एकाचा, लेखणी दुसऱ्याची

नोकरीचा अर्ज स्वतः न लिहितां पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहवून घेण्याचा प्रघात अलीकडे आमच्या मध्यम वर्गांत बराच रुळला आहे. पदवी पदरांत पडलेला मुलगा आपली चार ओळींची माहिती एखाद्या व्यावसायिक लेखकाकडे धाडतो, आणि चार दिवसांनीं ती दोन पानांचा ‘रेझ्युमे’ होऊन, इस्त्रीचे कपडे घालून परत येते. घरांतील वडील मंडळी यास फसवणूक म्हणतात. तरुण मंडळींस हा व्यवहार शिंप्याकडून कोट शिवून घेण्याइतका निर्दोष वाटतो. एका गोष्टीविषयीं मात्र दोन्ही पक्षांचें एकमत असतें. ती ही कीं, हा प्रकार अगदीं नवा आहे. आमच्या समजुतीप्रमाणें तो मुळींच नवा नाहीं. अर्ज एकाचा व लेखणी दुसऱ्याची ही व्यवस्था जुनीच आहे. त्या दुसऱ्या लेखणीचें नांव कागदावर राहावें कीं न राहावें, एवढ्यापुरताच कायतो काळानें फरक केला आहे. तो फरक लहान आहे असें मात्र आम्हांस वाटत नाहीं.

हल्लीं रेझ्युमे लिहून देणारे व्यावसायिक आपल्या धंद्याचा मूळपुरुष म्हणून मोठ्या अभिमानानें लिओनार्दो द विंची याचें नांव सांगतात. १४८२ च्या सुमारास हा तिशींतला कलावंत फ्लॉरेन्स सोडून मिलानला आला व तेथील सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याच्या आश्रयासाठीं त्यानें एक अर्ज तयार केला. त्या वेळीं मिलानचें व्हेनिसशीं वैर पेटलेलें होतें. धन्याची गरज ओळखून लिओनार्दोनें कलमवार आपलीं कौशल्यें मांडलीं: हलके पण बळकट पूल, वेढ्याच्या वेळीं खंदकांतील पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या, सहज हलवितां येतील अशा तोफा, जमिनीखालचीं भुयारें, आच्छादित रणगाडे. दहाव्या कलमांत शांततेच्या काळीं इमारती बांधण्याचें व पाणी खेळविण्याचें काम येतें. आणि सर्व संपल्यावर, जातां जातां सांगावें तसें, तो म्हणतो कीं आपण मूर्ति घडवितों व चित्रेंही काढतों; शिवाय लुदोविकोच्या पित्याच्या स्मरणार्थ योजलेला कांशाचा घोडाही आपल्या हातून होऊं शकेल.

या अर्जाचा मसुदा मिलानच्या आंब्रोसियाना ग्रंथालयांत ‘कोदेक्स आत्लांतिकुस’ या संग्रहांत आहे. आतां लिओनार्दो हा डावखुरा. आपलीं टिपणें तो उजवीकडून डावीकडे, आरशांत धरूनच वाचतां येतील अशीं लिहीत असे. हा मसुदा मात्र डावीकडून उजवीकडे व नीटस अक्षरांत लिहिलेला आहे, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मतें तें अक्षर त्याचें नव्हे. म्हणजे ज्या कागदास जगांतला पहिला रेझ्युमे म्हणून मिरवितात, तो कागदही दुसऱ्याच्याच लेखणींतून उतरलेला! लिओनार्दो पुढें १४९९ पर्यंत मिलानांतच राहिला. अर्जांतील युद्धयंत्रांपैकीं बहुतेक कागदावरच राहिलीं. उत्सवांचे देखावे त्यानें उभे केले, एका मठाच्या भोजनगृहांतील भिंतीवर ‘शेवटचें भोजन’ रंगविलें आणि त्या घोड्याचा प्रचंड मातीचा नमुना तयार केला. घोड्यासाठीं जमविलेलें कांसें १४९४ सालीं तोफा ओतण्यासाठीं गेलें. ज्या अर्जांत तोफा वर आणि घोडा तळाशीं होता, त्याचा सूड दैवानें असा घ्यावा ही मौज आहे. तथापि आमच्या मुद्द्यापुरती गोष्ट इतकीच कीं, येथें अक्षर परक्याचें असलें तरी मजकूर सर्वस्वीं अर्जदाराचा होता. पूल कसा बांधावा हें कोणत्याही लेखनिकानें त्यास सुचविलें नव्हतें.

आतां आपल्या प्रांताकडे वळूं. मराठेशाहींतील कागदपत्रें ज्यांनीं चाळलीं आहेत त्यांस ‘बिकलम’ हा शब्द परिचित असेल. बिकलम अमुक म्हणजे अमुकाच्या लेखणीनें. लिहून देणारा निराळा आणि लिहिणारा निराळा असला म्हणजे लिहिणारा आपलें नांव असें घालून मोकळा होई. उलट मालकानें स्वतः लिहिलें असल्यास ‘दस्तुर खुद्द’ असें लिहीत. निरक्षर पाटील आपली निशाणी म्हणून नांगर काढी, न्हावी आरसा काढी, आणि मजकूर कुलकर्ण्याच्या हातचा असे. या पद्धतींत निरक्षरतेची लाज नव्हती व लेखकाची लपवालपवही नव्हती. तंटा उपस्थित झाला तर शब्द कोणी मांडले व कबुली कोणी दिली, हें त्याच कागदावरून उलगडे.

परंतु नोकरीसाठीं असा अर्ज करण्याची वहिवाट त्या काळीं फारशी नव्हती. ‘उमेदवार’ हा शब्दच पाहा. मूळ फारशींत उमेद धरून असलेला तो उमेदवार. कारकुनाचा मुलगा दफ्तरांत येऊन बसे, विनावेतन नकला करी, हिशेब शिके आणि जागा मोकळी होण्याची वाट पाही. चिटणिशी, महादेवपंती अशीं मोडीचीं नामांकित वळणें होतीं. पोराचें वळण कसें आहे हें वरिष्ठास रोज डोळ्यांसमोर दिसे. हस्ताक्षर हीच त्याची योग्यता आणि तेंच त्याचें प्रशस्तिपत्र. ही रीत मोठी सरळ वाटते खरी, पण तिच्या गुणगानांत रंगून जाणाऱ्यांनीं एक गोष्ट विसरूं नये. दफ्तरांत येऊन बसण्याची मुभा कोणाच्या मुलांस होती? मोजक्या जातींच्या, मोजक्या घरांतल्या. ज्याची कोठें ओळख नाहीं, ज्याच्या बापानें कधीं कचेरीची पायरी चढली नाहीं, त्यानें आपली योग्यता सांगावी तरी कोणास? परक्यानें परक्याकडे नोकरी मागण्याचें साधन म्हणून लेखी अर्जाला जें महत्त्व आहे, तें येथें दिसून येतें. अर्जानें एक दार उघडलें. मात्र त्या दाराशीं बसून लिहून देणाऱ्याची फीही त्याच दिवशीं सुरू झाली.

इंग्रजी अमलांत ही फी वाढली, कारण कचेरीची भाषा आणि घरची भाषा यांमध्यें समुद्र पडला. तालुक्याच्या कचेरींत मराठी व मोडी चालत असे, पण वर चढावयाचें तर इंग्रजी हवें. १८४४ सालीं गव्हर्नर जनरल हार्डिंज यानें सरकारी नोकरींत इंग्रजी शिकलेल्यांस अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें. १८५७ सालीं मुंबई, कलकत्ता व मद्रास येथें विद्यापीठें निघालीं. नोकरीच्या जाहिरातींत एक अट वारंवार झळकूं लागली: अर्ज उमेदवाराच्या स्वतःच्या हस्ताक्षरांत असावा. ही अट निष्कारण नव्हती. कारकुनाचें काम मुख्यतः स्वच्छ नकला करण्याचें, तेव्हां अर्ज हाच कामाचा नमुना. उमेदवारानें या अटीवर तोड काढली ती अशी. टपालकचेरीजवळ किंवा कोर्टाच्या आवारांत बसणाऱ्या लेखकाकडून, अथवा बाजारांत मिळणाऱ्या नमुनेपत्रांच्या पुस्तकांतून, इंग्रजी मजकूर मिळवावयाचा आणि घरीं येऊन आपल्या वळणदार अक्षरांत उतरावयाचा. आपल्या कृपाछत्राखालीं एक जागा मोकळी झाल्याचें कळतें, सबब सदर जागेसाठीं उमेदवार म्हणून स्वतःस सादर करण्याची आज्ञा असावी, हा सांचा हजारों अर्जांत सांपडतो. लिओनार्दोच्या कागदाच्या नेमका उलटा हा प्रकार: अक्षर स्वतःचें, मजकूर परक्याचा. कचेरीनें हात पाहण्याचा आग्रह धरला आणि तिला हातच पाहावयास मिळाला.

याचा एक परिणाम आम्हांस फार अन्यायाचा वाटतो. असल्या इंग्रजीची थट्टा करणें हा साहेब लोकांचा एक आवडता करमणुकीचा विषय होऊन बसला. आर्नोल्ड राइट यानें १८९१ सालीं ‘बाबू इंग्रजी’च्या मासल्यांचें एक पुस्तकच छापलें; १८९७ सालीं एफ्. ॲन्स्टी यानें ‘बाबू जबरजी, बी. ए.’ ही कादंबरी लिहून विलायतेस हसविलें. थट्टा झाली ती नांवाच्या माणसाची. परंतु ज्या अर्जांना साहेब हंसला, त्यांतील किती शब्द त्या गरजू उमेदवाराचे होते? अवजड विशेषणें योजणारा, देवाची व साहेबाच्या मुलांबाळांची करुणा भाकणारा, एका वाक्यांत तीन म्हणी कोंबणारा लेखक फीचे पैसे कनवटीला लावून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असे. हसें झालें तें खालीं सही करणाराचें. तेथें ‘बिकलम’ असतें तर निदान हंसण्याची वांटणी तरी झाली असती.

घरकामाच्या नोकरांची गत याहून निराळी नव्हती. ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशांत ‘चिट’ हा शब्द आपल्या ‘चिठ्ठी’वरूनच आला असें दिलें असून, चाकरास धन्यानें दिलेला दाखला असाही त्याचा एक अर्थ नोंदला आहे. बटलर व खानसामे अशा चिठ्ठ्यांचीं पुडकीं जपून ठेवीत. त्या उसन्या व विकतही मिळतात, अशी गोऱ्या धनिणींची नेहमींची ओरड असे. गिरणी कामगारास तर अर्जाची गरजच नव्हती. त्याची शिफारस म्हणजे मुकादमाचा हात, आणि त्या हाताचा दर वेगळा.

परक्या लेखणीपासून अडाण्यास किती धोका असतो हें जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहितांना दाखवून दिलें होतें. त्यांचा रोख नोकरीच्या अर्जांवर नव्हता, कोर्टकचेरींतील कागदांवर होता; परंतु ज्यास वाचतां येत नाहीं त्याच्या नांवानें दुसऱ्यानें काय लिहिलें हें त्यास कधींच कळत नाहीं, ही व्यथा दोन्हीकडे एकच. या धोक्यावर पंजाबांत एक उपाय योजला गेला, तो आम्हांस विशेष लक्ष देण्याजोगा वाटतो. तेथें अर्जनविसांस परवाने देण्याचे नियम झाले. अर्जनविसानें नोंदवही ठेवावी. प्रत्येक अर्जाच्या शेवटीं आपलें नांव, परवान्याचा क्रमांक व घेतलेली फी लिहावी. म्हणजे जें मराठी दफ्तरांत रिवाजानें होत होतें, तें येथें कायद्यानें आलें. हे नियम न्यायालयांत दाखल होणाऱ्या अर्जांपुरते होते. नोकरी मागणाऱ्याच्या अर्जास असलें कोणतेंच संरक्षण मिळालें नाहीं.

पुढें यंत्र आलें. रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालीं टंकयंत्र विक्रीस काढलें. भारतीय बनावटीचें यंत्र गोदरेजनें १९५५ सालीं तयार केलें. टंकलिखित अर्ज मान्य होऊं लागला तेव्हां हस्ताक्षराची अट आपोआप ढिली पडली आणि कोर्टांच्या आसपास शाईदौतीच्या जागीं खटखट ऐकूं येऊं लागली. मुंबईच्या मोठ्या टपालकचेरीची घुमटाची इमारत १९१३ सालीं पुरी झाली. तिच्या समोर ताडपत्रीखालीं बसणारे पत्रलेखक कित्येक दशकें गांवाकडच्या मजुरांचीं पत्रें, मनीऑर्डरी व अर्ज लिहीत आले. या लेखकांविषयीं आम्हांस आदर आहे. गिऱ्हाईक समोर बसलेलें असे. तें सांगे, लेखक लिही, लिहिलेलें वाचून दाखवी, आणि गिऱ्हाईक ‘हें नको, तें घाला’ म्हणे. त्या वाचून दाखविण्यांत मजकुरावरचा हक्क कांहींसा ज्याचा त्यास परत मिळे. मोबाइल फोन आल्यावर त्यांचा धंदा ओसरला.

आज अक्षराचा प्रश्न उरलेला नाहीं, आणि मजकुराचाही उरेल असें दिसत नाहीं. मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम संगणकच चाळतो व ठराविक शब्द आढळले तरच तो कागद माणसापुढें जातो. म्हणून लेखकही ते शब्द पेरतो. आतां तर लिहिण्याचें कामही यंत्राकडून करून घेतां येतें. एका यंत्रानें लिहावें, दुसऱ्यानें वाचावें, आणि ज्या माणसाची ही सारी हकीकत तो मध्यें कोठेंच नसावा, अशी ही स्थिति आहे. तालुक्याच्या गांवीं मराठी माध्यमांतून शिकलेली, शेतीचा हिशेब तोंडीं करणारी, बचत गटाच्या वह्या चोख ठेवणारी मुलगी अशा लेखकाकडे गेली म्हणजे तिची ती वही ‘आर्थिक व्यवस्थापनांतील नेतृत्व’ होऊन बाहेर पडते. नोकरी मिळण्यास याचा उपयोग होत असेल. नाहीं म्हणण्याचें आम्हांस कारण नाहीं. इंग्रजी येत नाहीं म्हणून तिनें घरीं बसावें काय, असें कोणी विचारलें तर आमचा कौल त्या लेखकाकडेच पडेल. पण मुलाखतीच्या खोलींत त्या शब्दांचा जाब द्यावयास ती एकटी असते. लेखकाचें नांव तेथें कोणी घेत नाहीं. उलट, आपण लिहिल्याचें कोणास कळणार नाहीं अशी हमी हाच त्याच्या मालाचा एक गुण म्हणून विकला जातो.

रेझ्युमेच्या शेवटीं पंजाबांतील अर्जनविसाप्रमाणें एक ओळ असावी, शब्द कोणी मांडले तें तींत सांगितलेलें असावें, आणि मजकूर उमेदवारास तिच्या भाषेंत वाचून दाखविल्याचाही उल्लेख असावा, असें आम्हीं एका ओळखीच्या व्यावसायिकास सुचवून पाहिलें. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें व म्हटलें कीं, अशी ओळ घातली तर गिऱ्हाइकें शेजारच्याकडे जातील; वाचून दाखविण्याचें मात्र आपण अवश्य करूं, त्यास अर्धा तास अधिक लागेल आणि त्याचे पैसे वेगळे पडतील.