बोलीचा विश्वास आणि खरेपणाचा विश्वास

लहान मूल सांगावे ते खरे मानते, असा आपणा सर्वांचा समज असतो. आपल्या आदिलाबाद जिल्ह्याचा इतिहास पाहता तो समज पुरता टिकत नाही.

१९४० साली जोडेघाट येथे कुमराम भीम निजामी पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. गोंडांमधील असंतोषाची कारणे शोधण्याचे काम निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हैमेनडॉर्फ यांच्याकडे सोपविले. त्यांच्या प्रेरणेने १९४३ मध्ये मारलवाई या खेड्यात गोंड शिक्षक घडविणारे केंद्र सुरू झाले. (हे गाव २०१६ पासून कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात आहे.) जेमतेम अक्षरओळख असलेल्या गोंड तरुणांनाच तेथे शिक्षक केले गेले आणि गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत निघाली. बाहेरचा पदवीधर आणण्यापेक्षा घरची बोली बोलणारा अल्पशिक्षित बरा, हा त्यामागील विचार होता.

पुढे मानसशास्त्रानेही याला दुजोरा दिला. किंझलर, कोरिव्हो आणि हॅरिस या संशोधकांनी २०११ मध्ये दाखविले की, नवी वस्तू कशी वापरावी हे चार-पाच वर्षांची मुले आपल्यासारख्या उच्चाराच्या माणसाकडून शिकणे पसंत करतात. मात्र २०१३ मध्ये याच संशोधकांना आणखी एक गोष्ट आढळली. आपल्या उच्चाराचा माणूस चुकीचे सांगतो आणि परक्या उच्चाराचा बरोबर सांगतो, हे कळल्यावर त्या वयाची मुले दुसऱ्यावर विश्वास ठेवतात. बोली दार उघडते. आत बसवून घेतो तो खरेपणा.

सेवेत असताना एका गोंड पाड्यावर आम्ही मुलांसमोर ऐटीत तेंदूच्या झाडाला मोह म्हटले. मुले हसली. त्यानंतर दिवसभर त्यांनी काहीही विचारायचे झाले, तर आमच्या गोंड शिपायालाच विचारले. तेव्हा आम्ही तो दोष आपल्या बोलीला दिला होता. आज वाटते, दोष चुकीच्या उत्तराचा होता.

येथे आपल्या घराण्यांकडेही पाहावे लागेल. आपले पूर्वज काळ्या जमिनीच्या ओढीने या मुलखात आले. गोंडांनी पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या कितीतरी जमिनींचे पट्टे बाहेरून आलेल्यांच्या नावे झाले. कागदावर काय लिहिले आहे, हे निरक्षर गोंडाला वाचता येणारा परकाच सांगे. ते सांगणे दर वेळी खरे नव्हते, हे ज्या घरात कळले, त्या घरातील मुलाने पाटी-पुस्तकवाल्या परक्यावर विश्वास का ठेवावा?

१९५६ नंतर हा जिल्हा आंध्र प्रदेशात आला, तेलुगू राजभाषा झाली आणि गोंडी पुस्तके मागे पडली. आपल्या मुलांनाही वर्गात परकी वाटणारी भाषा म्हणजे काय, हे तेव्हा उमगले. मराठी शाळांसाठी आपण आग्रह धरला, तो रास्तच होता. तोच आग्रह शेजारच्या गोंड मुलासाठी आपण किती धरला, हा प्रश्न आमच्या पिढीने स्वतःला विचारला नाही.

नातवंडांना घराण्याचा इतिहास सांगताना आपण पूर्वजांच्या कष्टांबद्दल सांगतो. पट्ट्यांबद्दलही सांगावे. मुले तपासून पाहतात; आणि त्यांच्या कसोटीस उतरण्याचा दुसरा मार्ग नाही.