पी-५३ प्रथिनाची साक्ष : विषाणू, तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग

फुप्फुसाच्या कर्करोगात तंबाखूने केलेल्या हानीचा साक्षीदार म्हणून ज्या प्रथिनाकडे पाहिले जाते, ते प्रथम सापडले एका माकडाच्या विषाणूचा माग काढताना. हा योगायोग केवळ मौजेचा नव्हे. या प्रथिनाविषयीचे पुढील कित्येक गैरसमज त्यातूनच उद्भवले.

पोलिओची लस माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर वाढवीत असत. त्या पेशींत स्वीट व हिलमन यांना १९६० साली एसव्ही-४० हा विषाणू आढळला. हॅमस्टर या प्राण्यांत त्यामुळे अर्बुदे होतात हे लवकरच उघड झाले, आणि पेशींना बिघडविणारे त्याचे 'टी' प्रथिन अभ्यासाचा विषय बनले. १९७९ साली लंडनमध्ये लेन व क्रॉफर्ड यांना, आणि प्रिन्स्टन येथे लिंझर व लेव्हाइन यांना, या 'टी' प्रथिनाला चिकटलेले दुसरे एक प्रथिन दिसले. ते विषाणूचे नव्हते, पेशीचेच होते. जेलमधील त्याच्या गतीवरून रेणुभार ५३ हजार धरला गेला व तेच नाव रूढ झाले. प्रत्यक्षात तो सुमारे ४४ हजारच भरतो. प्रोलिनच्या आधिक्यामुळे ते जेलमधून मंद सरकते. चुकीच्या मापावरून पडलेले नाव कायम राहिले, ते राहिलेच.

त्याच वर्षी न्यूयॉर्क येथे ओल्ड यांच्या सहकाऱ्यांना रसायनांनी उत्पन्न केलेल्या उंदरांच्या अर्बुदांतही हेच प्रथिन मिळाले. तेथे एसव्ही-४० चा संबंध नव्हता. या निष्कर्षाचे मोल त्या वेळी पुरतेपणी ओळखले गेले नाही, असे म्हणणे भाग आहे. पुढील दहा वर्षे पी-५३ कर्करोगाला चालना देणारे मानले गेले, कारण प्रयोगांत वापरलेली अनेक जनुके अर्बुदांतून घेतलेली, म्हणजे आधीच बिघडलेली होती. १९८९ साली फोगेलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या कर्करोगावरून हा समज उलटविला : निरोगी पी-५३ अर्बुदाला आवर घालते. त्याच वर्षी फुप्फुसाच्या अर्बुदांतही या जनुकात वारंवार बिघाड असल्याचे प्रसिद्ध झाले. १९९६ साली तर धुरातील बेंझोपायरीन याच जनुकाच्या १५७, २४८ व २७३ या स्थानी चिकटते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगातील बिघाडही तेथेच दाट असतात, असे डेनिसेन्को, फायफर आदींनी दाखविले.

दरम्यान विषाणूचा प्रश्न दुसऱ्या वाटेने परत आला होता. १९७९ सालीच फिनलंडचे सिर्जानेन यांनी श्वासनलिकेच्या काही अर्बुदांत पॅपिलोमा विषाणूच्या खुणांसारखे पेशीबदल नोंदविले. १९९० साली या विषाणूच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी निगडित प्रकारांचे 'ई-६' प्रथिन पी-५३ चा नाश घडवून आणते, हे सिद्ध झाले. २००१ साली धूम्रपान न करणाऱ्या तैवानी स्त्रियांच्या फुप्फुस-अर्बुदांत हा विषाणू आढळल्याचे वृत्त आले. युरोप-अमेरिकेतील तपासण्यांत मात्र त्याचे प्रमाण सामान्यतः अल्प भरले.

येथे साक्षीदाराची अडचण कळते. बिघडलेले पी-५३ पेशीत साठते, म्हणून रंगद्रव्याने गडद दिसते. 'ई-६' असेल तर ते नाहीसे होते. पण जनुकच तुटलेले असले तरीही ते दिसत नाही. पी-१६ या दुसऱ्या खुणेचीही तीच गत. विषाणूचे 'ई-७' हे आरबी प्रथिन निकामी करते आणि पी-१६ वाढते. म्हणून घशाच्या अर्बुदांत ती खूण उपयोगी ठरली. फुप्फुसाच्या लघुपेशी कर्करोगात मात्र आरबी विषाणूवाचूनच नष्ट झालेले असते व पी-१६ विपुल असते. विषाणूच्या डीएनएचा तुकडा सापडणे हेही पुरेसे नाही : तो प्रयोगशाळेतील संसर्गाचा असू शकतो, किंवा ते अर्बुद मुळात गर्भाशयमुखातून फुप्फुसात पसरलेले असू शकते. अर्बुदाच्या पेशींतच 'ई-६' व 'ई-७' यांचा संदेशवाहक आरएनए कार्यरत दिसला, तरच विषाणूचा दावा विचारात घेण्याजोगा ठरतो.