सिरॅमिक दंतटोपीचा टिकाऊपणा

टिकाऊपणा या संज्ञेचे दोन अर्थ आधी वेगळे केले पाहिजेत. पहिला द्रव्याचा: वस्तू नष्ट न होणे. दुसरा कार्याचा: नेमलेले काम तिच्याकडून होत राहणे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे, लामतुरे संग्रहालयात, सातवाहनकालीन भाजक्या मातीच्या, म्हणजे सिरॅमिकच्याच, मूर्ती आहेत. त्यांचा टिकाऊपणा पहिल्या अर्थाचा. रुग्ण जिला ‘कॅप’ म्हणतो त्या टोपीकडून अपेक्षा असते ती दुसऱ्याची.

मूर्ती जमिनीत निवांत पडून होत्या. टोपीवर रोज शेकडो वेळा भार येतो, आणि तोही ओलाव्यात. सिरॅमिक दाबाला समर्थ, ताणाला दुर्बल. त्याच्या पृष्ठावर सूक्ष्म तडे असतातच. ताण पडला की तड्याचे टोक उघडते, लाळेतील पाणी तेथे पोहोचून (काचमय प्रकारांत सिलिकॉन-ऑक्सिजन) बंध तोडते आणि तडा कणाकणाने पुढे सरकतो. म्हणून ‘मटणाची नळी चावताना कॅप अचानक फुटली’ हे विधान बहुधा अर्धसत्य असते. घाव त्या दिवशीचा, तडा जुना.

द्रव्यानुसार मुख्य प्रकार तीन: (1) फेल्डस्पारयुक्त पोर्सेलीन, वाकताना सोसण्याचे बळ सुमारे 100 मेगापास्कल किंवा कमी, (2) लिथियम डायसिलिकेट, सुमारे 400, (3) झिर्कोनिया, 900 ते 1200. तिसऱ्यात तड्याच्या टोकाशी स्फटिकाचे रूप पालटते, आकारमान सुमारे 4 टक्क्यांनी वाढते व तडा आवळला जातो. मात्र अधिक पारभासी झिर्कोनिया एवढे बळकट नसते. नुसत्या नावावर जाऊ नये. झिर्कोनियावर पोर्सेलीनचा थर असल्यास गाभा शाबूत राहूनही थराचा टवका उडतो.

तरीही बळाचा क्रम म्हणजे टिकाऊपणाचा क्रम नव्हे. टोपी चार प्रकारे निकामी होते: तडकणे, टवका उडणे, सुटणे आणि कडेखाली कीड लागणे. पहिले दोन मुख्यतः द्रव्याशी, तिसरा सिमेंटशी व टोपीसाठी दात कसा घासून घेतला याशी निगडित. चौथा सर्वस्वी दाताचा. सिरॅमिकला कीड लागत नाही. कड संपते तेथे दात उघडा असतो. कुंथलगिरीचा पेढा टोपीचे काही बिघडवत नाही, कडेला चिकटून राहिला तर खालच्या दाताचे बिघडवतो. रूट कॅनाल झालेला दात किडला तरी ठणकत नाही, त्यामुळे हा दोष फार उशिरा कळतो.

टोपीसोबत मिळणाऱ्या वॉरंटीच्या कार्डावरील मुदत द्रव्यापुरती असते. म्हणून कडेची तपासणी दर सहा महिन्यांनी करून घ्यावी.