नाण्याची पारख: रूपदर्शकापासून प्लास्टिकच्या चौकटीपर्यंत
#थ्रेड

१/
महाळुंगे पडवळ हे आंबेगाव तालुक्यातील गाव आपल्याला हुतात्मा बाबू गेनूंची जन्मभूमी म्हणून ठाऊक आहे. या परिसरात, शेजारच्या जुन्नरप्रमाणेच, जुन्या घरांतील देवघरात एखादी शिवराई सापडणे नवलाचे नाही. ती विकायला काढली की पहिला प्रश्न येतो: हिची किंमत ठरवायची कोणी? हा प्रश्न दोन हजार वर्षे जुना आहे.

२/
जुन्नर हे प्राचीन व्यापारी मार्गावरचे नगर. नाणेघाटातील सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांच्या दक्षिणेत हजारो कार्षापण दिल्याची नोंद आहे. जुन्नरच्याच मानमोडी लेणीत महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६व्या वर्षाचा लेख आहे. इतके चलन हातोहात फिरते, तेथे ते पारखणारा माणूसही लागतोच.

३/
कौटिलीय अर्थशास्त्रात त्याचे नाव आहे: रूपदर्शक. बाजारात कोणते नाणे चालेल आणि राजाच्या कोशात कोणते घेतले जाईल, हे ठरवणारा अधिकारी. पारखण्याचे शुल्कही तेथे सांगितले आहे: शेकडा एक अष्टमांश पण. म्हणजे पारख ही आरंभापासून सशुल्क सेवा होती. विश्वास फुकट मिळत नव्हता.

४/
नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील लेखात ७० हजार कार्षापणांच्या दानाचा हिशेब दिला आहे: ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणून एकूण २ हजार सुवर्ण. दान कायमचे, म्हणून दरही दगडात कोरलेला. नाण्याचे मोल नाण्यावर लिहिलेले नसते, ते कोणीतरी सांगावे लागते, हे त्या काळीही उमगलेले होते.

५/
प्राचीन आहत नाण्यांवर राजचिन्हांखेरीज बारीक ठसे आढळतात. पुष्कळ अभ्यासक त्यांना सराफांच्या खुणा मानतात. पुढे मोगल आणि मराठा काळातील रुपयांवरही अशा खुणा दिसतात. ‘हे मी पारखले आहे, निर्धास्त घ्या’ असा त्यांचा अर्थ. ही खूण लक्षात ठेवावी, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

६/
अठराव्या शतकात महाराष्ट्रात शेकडो प्रकारचे पैसे फिरत होते. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बागलकोटचा मल्हारशाही. पेशवे टांकसाळीचे परवाने खासगी व्यक्तींना देत. १७४४ मध्ये नागोठण्याच्या बाळाजी बापूजींना असा परवाना मिळाल्याची नोंद पेशवे दप्तरात आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या चलनावर स्वतंत्र निबंध लिहिला, यावरून या गुंतागुंतीची कल्पना यावी.

७/
टांकसाळ बदलली की भाव बदले. परक्या, झिजलेल्या वा हिणकस नाण्याला कमी मोल मिळे. ही कपात म्हणजे बट्टा. सरकारने अमुक नाण्यात सारा मागितला आणि रयतेच्या हाती दुसरे असले, तर फरक रयतेच्या अंगावर. ‘नावाला बट्टा लागणे’ हा वाक्प्रचार आपण सहज उच्चारतो. त्यामागे शेतकऱ्याचे खरे नुकसान आहे.

८/
गावात हा निवाडा पोतदाराकडे असे. तो बहुधा गावचाच सोनार. सारा भरताना नाणे वाजवून, कसाला लावून तो खरे-खोटे सांगे. पोतदार, पारखी, सराफ ही आडनावे त्याच कामाची साक्ष देतात. कुणब्याला धान्याची पारख होती, चांदीची नव्हती. म्हणून शेवटचा शब्द पारखणाऱ्याचा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया आणला आणि सराफांचा हा अधिकार हळूहळू ओसरला.

९/
व्यवहारातून गेलेली पारख संग्राहकांच्या बाजारात परतली. १९४९ मध्ये अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० अशी श्रेणी मांडली. कल्पना साधी होती: ७० श्रेणीचे नाणे सर्वांत खालच्या श्रेणीच्या ७० पट मोलाचे. किमतीचे हे गणित टिकले नाही, आकडे मात्र टिकले. १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था सुरू झाल्या. नाणे तपासायचे, श्रेणी द्यायची आणि पारदर्शक चौकटीत सीलबंद करायचे.

१०/
याने फेरविक्रीत काय बदलते? अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले की, माल चांगला की वाईट हे फक्त विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर ग्राहक सरासरी भावच देतो. मग चांगला माल बाजारातून निघून जातो. सीलबंद श्रेणी हा अविश्वासाचा बट्टा कमी करते. न पाहिलेले नाणेही दूरचा ग्राहक घेतो.

११/
पण लाभ सर्वांना सारखा नाही. शुल्क, टपाल आणि विमा यांचा खर्च नाणे साधे असो वा दुर्मीळ, करावाच लागतो. दुदांडी शिवराईसारखे विपुल आढळणारे नाणे चौकटीत घातले, तर वाढलेल्या किमतीपेक्षा खर्चच जास्त व्हायचा. शिवछत्रपतींच्या होनासारखे अतिदुर्मीळ सोन्याचे नाणे असेल, तर मात्र खरेपणाचा दाखलाच सारी किंमत ठरवतो. आणखी एक गोष्ट: चिंच आणि राखेने घासून लख्ख केलेली शिवराई घरच्यांना सुंदर दिसते, परीक्षकाला ती खराब झालेली दिसते. घासल्याने गेलेला पृष्ठभाग परत येत नाही.

१२/
आता सराफाची ती खूण आठवा. तिच्यामुळे एके काळी नाणे निर्धास्त चालत असे. आज तीच खूण बहुधा नाण्याची श्रेणी घटवते, कारण संग्राहकाला डाग नसलेला पृष्ठभाग हवा असतो. कालच्या परीक्षकाची सही आजच्या परीक्षकाला इजा वाटते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मात्र ती खूणच मोलाची, कारण नाणे कोणाच्या हातांतून गेले ते तीच सांगते.

१३/
१९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी येथे नहपानाच्या १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता. दोघांच्या मध्ये कोणा तिसऱ्या राजाचे नाणे नव्हते. पराभव कोणाचा आणि विजय कोणाचा, हे त्या साठ्याने सांगितले. ही नाणी एकेक करून विकली गेली असती, तर प्रत्येकाला श्रेणी मिळाली असती, इतिहास मिळाला नसता.

१४/
येथे कायदा आडवा येतो. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला १० रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सरकारने तो घेतल्यास मोबदला धातूच्या मोलावर, अधिक त्याचा एक पंचमांश. बाजार मात्र दुर्मीळपणा आणि श्रेणी पाहून भाव देतो. या दरीमुळे सापडलेले लपवण्याचा मोह होतो. शिवाय १९७२च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला परस्पर परदेशी पाठवता येत नाहीत, मग ती केवळ श्रेणीसाठी का असेनात.

१५/
रूपदर्शक, सराफ, पोतदार आणि आजची परीक्षण संस्था एकाच गरजेतून जन्मली: स्वतः पारखू न शकणाऱ्याला विश्वास हवा असतो. ती गरज खरी आहे आणि तिचे मोल देणेही रास्त आहे. परंतु चौकटीवरील आकडा नाण्याची अवस्था सांगतो. ते कोणत्या शेतात, कोणत्या मडक्यात, कोणत्या नाण्यांसोबत होते, हे सांगत नाही.

१६/
म्हणून देवघरातील शिवराई असो वा नांगराच्या फाळाला लागलेले मडके, तीन गोष्टी पाळाव्यात. घासू नये. कोठे व कशासोबत मिळाले ते लिहून ठेवावे. जमिनीतला ठेवा असेल तर तो वाटून टाकण्याआधी कळवावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, जाणकारांना विचारायला तेथे जाता येते. नाण्याची श्रेणी नंतरही ठरवता येईल, त्याचे गाव एकदा हरवले की पुन्हा सापडत नाही.

(समाप्त)