खानदेशातील आजारपणाचा जमाखर्च

कोणत्या रोगावर, कोणत्या उपायाने आणि किती खर्च करावा हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या कारभारात पूर्वीपासून आहे; परंतु त्याचे उत्तर हिशेबाने शोधण्याची, म्हणजे खर्चलेल्या रकमेतून किती आजार टळले व किती जीव वाचले हे मोजून कार्यक्रम ठरविण्याची रीत आपल्याकडे विसाव्या शतकात हळूहळू रुजली. नंदुरबार तालुक्यातील कोरीट हे गाव १९०६ पर्यंत एकसंध खानदेश जिल्ह्यात, त्यानंतर पश्चिम खानदेशात, पुढे धुळे जिल्ह्यात आणि १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडत आले. जिल्ह्याची कचेरी बदलली तशी आरोग्याच्या हिशेबाची वहीही बदलत गेली. मात्र त्या वहीत सरकारी खर्चाचा रकाना प्रथमपासून होता आणि आजारी माणसाच्या घराने सोसलेल्या खर्चाचा रकाना फार उशिरा उघडला गेला. या प्रदेशाच्या आरोग्याचा इतिहास समजून घ्यायचा तर या दुसऱ्या रकान्याचा माग काढावा लागतो.

खानदेशात या हिशेबाचा आरंभ हिवतापापासून होतो. सातपुडा आणि नवापूरकडील जंगलपट्टा तापासाठी कुप्रसिद्ध होता, आणि पावसाळा सरताना, म्हणजे नेमक्या पीककापणीच्या सुमारास, घरातील कमावती माणसे अंथरुणाला खिळत. वसाहतकालीन सरकारने यावर काढलेला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे क्विनीनची पुडी. १८९२ मध्ये बंगालमध्ये टपाल कचेरीतून एका पैशाला अशी पुडी विकण्यास सुरुवात झाली आणि पुढे ही पद्धत इतर प्रांतांतही पसरली. या योजनेत आजाराचा भार बहुतांशी रुग्णावरच राहिला, कारण औषध विकत घेणे, ते वेळेवर घेणे आणि तापाच्या दिवसांतील मजुरी गमावणे हे सर्व त्याच्याकडेच होते. सरकारच्या बाजूने योजना स्वस्त ठरली ती या कारणाने.

हा भार पैशात मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न जे. ए. सिंटन यांनी केला. मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया या संस्थेचे संचालक असताना त्यांनी १९३५-३६ च्या सुमारास हिवतापामुळे हिंदुस्थानचे होणारे राष्ट्रीय, सामाजिक व आर्थिक नुकसान या विषयावर दीर्घ लेखन प्रसिद्ध केले. दरवर्षी किमान दहा कोटी लोकांना हिवताप होतो आणि व्यक्ती व कुटुंब यांचेच थेट नुकसान वर्षाला सुमारे ११० कोटी रुपयांचे, म्हणजे त्या वेळच्या जवळपास आठ कोटी पौंडांचे आहे, असा त्यांचा अंदाज होता. हे आकडे अपुऱ्या नोंदींवर उभे होते. तरीही त्यांचे महत्त्व मोठे आहे, कारण बुडालेली मजुरी आणि पडीक राहिलेले शेत या गोष्टी त्यांनी सरकारी अहवालात नुकसान म्हणून नोंदविल्या. आज ज्याला आजाराचा अप्रत्यक्ष खर्च म्हणतात, म्हणजे औषधोपचारावर प्रत्यक्ष न खर्चलेले परंतु आजारामुळे हातचे गेलेले उत्पन्न, त्याची मांडणी येथे दिसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हाती आले आणि हिशेबाचे स्वरूप पालटले. मुंबई प्रांताच्या हिवताप विभागाचे प्रमुख डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ पासून कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी करून ग्रामीण भागातही हिवताप आटोक्यात आणता येतो हे दाखविले. तोपर्यंत डबकी बुजविणे, विहिरी झाकणे, पाण्यावर तेल टाकणे हे उपाय शहराला परवडत, विखुरलेल्या खेड्यांना नव्हे. फवारणीने मात्र एका माणसाचे वर्षभराचे संरक्षण थोडक्या खर्चात होऊ लागले, आणि दरडोई संरक्षणखर्च हा आकडा धोरणाच्या केंद्रस्थानी आला. देशात दरवर्षी साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू या अंदाजाच्या आधारे १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि पाच वर्षांनी, १९५८ मध्ये, त्याचे रूपांतर निर्मूलन कार्यक्रमात करण्यात आले.

नियंत्रण आणि निर्मूलन यांतील भेद वैद्यकीय तर होताच, परंतु तो हिशेबाचाही होता. नियंत्रण म्हणजे दरवर्षीचा न संपणारा खर्च. निर्मूलन म्हणजे काही वर्षे मोठा खर्च करून तो कायमचा थांबविणे. १९६० च्या दशकाच्या आरंभी रुग्णसंख्या पन्नास हजारांच्या आसपास उतरली, तेव्हा हा युक्तिवाद निर्णायक वाटला. त्यात एक गृहीतक दडलेले होते: फवारणी थांबल्यावर गावोगावी तापाच्या रुग्णाचा शोध घेणारी कायमची आरोग्ययंत्रणा उभी असेल. ती बहुतेक ठिकाणी पुरेशी नव्हती, डासांमध्ये डीडीटीला प्रतिकारशक्ती आली, आणि १९७६ मध्ये देशात ६४ लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. १९७७ मध्ये सुधारित कार्ययोजना आली आणि कार्यक्रम पुन्हा नियंत्रणाकडे वळला. येथे दोष आकडेमोडीचा म्हणता येणार नाही. प्राथमिक आरोग्य केंद्र, रक्तनमुना घेणारा कर्मचारी आणि सूक्ष्मदर्शक यांचा नित्याचा खर्च त्या आकडेमोडीत पुरेसा धरलाच नव्हता, आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यासारख्या जंगली, दुर्गम भागात हीच उणीव सर्वांत महाग पडणारी होती.

घराच्या खर्चाचा रकाना खऱ्या अर्थाने उघडला तो खानदेशाच्याच पूर्व भागात. मुंबईच्या फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेसाठी रवी दुग्गल आणि सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात कुटुंबांचे सर्वेक्षण केले आणि त्याचा अहवाल १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका सामान्य जिल्ह्यातील माणसे आजारपणावर स्वतःच्या खिशातून वर्षाला दरडोई सुमारे १८२ रुपये खर्च करीत होती, आणि ही रक्कम शासनाच्या दरडोई आरोग्यखर्चाच्या कित्येक पट होती. बहुसंख्य आजारांत लोक सरकारी दवाखान्याऐवजी खाजगी डॉक्टरकडे जात होते. गरिबांना सरकारी सेवा मोफत मिळते आणि म्हणून आरोग्याचा खर्च म्हणजे मुख्यतः सरकारचा खर्च, ही तोवरची प्रशासकीय समजूत या आकड्यांपुढे टिकण्यासारखी राहिली नाही. सिंटन यांचा अंदाज सबंध देशावर पसरलेला होता. जळगावच्या सर्वेक्षणाने तोच प्रश्न कुटुंबाला थेट विचारला, आणि खानदेशाच्या इतिहासात या कामाची नोंद आजवर झाली त्याहून अधिक ठळकपणे व्हायला हवी. पुढे २००१-०२ या वर्षापासून राष्ट्रीय आरोग्य लेखे तयार होऊ लागले, ज्यांत शासन, विमा, कंपन्या आणि कुटुंबे यांचा आरोग्यावरील खर्च वेगवेगळा दाखविला जातो. त्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांच्या खिशातील वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला.

खर्चाच्या पुराव्याने राष्ट्रीय धोरण घडविल्याचे महाराष्ट्रातील सर्वांत परिचित उदाहरण गडचिरोलीचे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग ३९ गावांत केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रशिक्षित आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन करी, ऊब व स्तनपान यांकडे लक्ष देई आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसल्यास उपचार करी. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, आणि त्यासाठी माता-बालकाच्या एका जोडीमागे सुमारे ५.३ डॉलर खर्च आला. ज्या देशात नवजात अतिदक्षता कक्ष जिल्हा रुग्णालयांतही दुर्मीळ होते, तेथे या आकड्याचे वजन मोठे होते, आणि २०११ मध्ये हा उपाय आशा सेविकांमार्फत देशभर स्वीकारण्यात आला. सहा-सात गृहभेटींसाठी आशांना २५० रुपये मोबदला ठरला. येथे एक गोष्ट स्पष्टपणे म्हटली पाहिजे: उपायाचा स्वस्तपणा जर गावातील स्त्रीच्या अल्प मोबदल्याच्या श्रमावर उभा असेल, तर त्या श्रमाचे मोल हिशेबात पूर्ण धरल्याशिवाय त्या स्वस्तपणाची खरी परीक्षा होत नाही.

उपायांचा असा हिशेब पद्धतशीरपणे तपासण्यासाठी केंद्र शासनाच्या आरोग्य संशोधन विभागाने २०१७ मध्ये आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापनाची यंत्रणा उभारली. एखादी चाचणी, लस किंवा औषध जुन्या पर्यायापेक्षा किती अधिक खर्चात किती अधिक निरोगी आयुष्य देते, हे ती तपासते; निरोगी आयुष्याचे माप म्हणून गुणवत्तेने भारित आयुष्यवर्ष वापरले जाते, म्हणजे व्याधीत काढलेले वर्ष पूर्ण वर्षापेक्षा कमी धरले जाते. या यंत्रणेच्या नियमावलीत शासनाच्या खर्चाबरोबर रुग्ण व कुटुंब यांचा खर्चही स्वतंत्रपणे मांडण्याची अपेक्षा आहे.

नंदुरबार जिल्ह्यासाठी या नियमाचा सर्वांत निकडीचा विषय सिकलसेलचा आहे, कारण भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो, आणि १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. प्रथम विद्राव्यता चाचणी आणि मग पक्के निदान, की जागच्या जागी निदान करणारी पट्टी, हा निवडीचा प्रश्न खर्चाने सोडविता येतो. उपचाराच्या बाजूने नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. दीप्ती जैन यांच्या अभ्यासाने हायड्रॉक्सियुरिया या औषधाची कमी, ठरावीक मात्राही तीव्र आजार असलेल्या भारतीय मुलांना गुणकारी ठरते हे दाखविले, त्यामुळे औषधाचा खर्चही आवाक्यात येतो. मात्र तपासणी एकदाच होते आणि औषध वर्षानुवर्षे चालते. नंदुरबार तालुक्यातच असलेल्या कोरीटच्या रुग्णाला जिल्हा रुग्णालय गाठणे आणि धडगावच्या पाड्यावरील रुग्णाने घाट उतरून तेथे येणे, यांतील भाड्याचा, बुडालेल्या मजुरीचा आणि सोबत आलेल्या माणसाच्या दिवसाचा फरक जिल्ह्याच्या एकाच सरासरी आकड्यात नाहीसा होतो. म्हणून नंदुरबारसाठी असा हिशेब मांडताना कुटुंबाचा खर्च तालुकानिहाय, किंबहुना पाडानिहाय नोंदविणे, आणि औषध उपकेंद्रापर्यंत पोहोचविण्याचा खर्च त्याच्याशी ताडून पाहणे आवश्यक ठरते.