बोंबलाचे दप्तर : वाणगावच्या पश्चिमेकडील समुद्राचा इतिहास कसा लिहायचा?

१/ बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधले स्थानक म्हणजे वाणगाव. बाजारात त्याची ओळख मिरचीमुळे. पण स्थानकातून पश्चिमेला निघाले की चिंचणी, वरोर, वाढवण ही किनाऱ्यावरची गावे येतात. तिथल्या समुद्राच्या भवितव्याचा वाद पाव शतकाहून अधिक काळ चालू आहे. त्या वादातला एक प्रश्न मुळात इतिहासाचा आहे : या पाण्यात पूर्वी मासळी किती होती, आणि ते आपल्याला कसे कळते?

२/ राजवटींचा इतिहास ताम्रपटांवरून लिहिता येतो. याच चिंचणीला सापडलेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांतून दहाव्या शतकात संजाणचा कारभार पाहणाऱ्या मधुमती या अरब अधिकाऱ्याची माहिती मिळते. मासे मात्र दानपत्रे देत नाहीत. त्यांचा इतिहास माणसांनी केलेल्या नोंदींतून शोधावा लागतो, आणि प्रत्येक नोंद करणाऱ्याचा प्रश्न वेगळा होता.

३/ १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरने माशांची नावे आणि जाळ्यांचे प्रकार नोंदवले. १९३० च्या दशकाच्या आरंभी एच. टी. सॉर्ली या सनदी अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील सागरी मासेमारीवर अहवाल लिहिला. त्याचा भर धंद्यावर होता. या माशाचे आयुष्य कसे असते, हा प्रश्न तिथे दुय्यम राहिला.

४/ १९४७ मध्ये केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली आणि प्रश्नच बदलला. याच संस्थेने १९७० मध्ये एस. व्ही. बापट यांची बोंबलावरील पुस्तिका प्रसिद्ध केली. रोजच्या ताटातल्या एका माशासाठी स्वतंत्र शास्त्रीय पुस्तिका! मासा काय खातो, केव्हा प्रजनन करतो, कुठे सापडतो, कोणत्या जाळ्यात येतो, हे सारे आता अभ्यासाचे विषय झाले होते.

५/ बोंबलाला शास्त्रीय नाव मिळाले ते १८२२ मध्ये, आणि तेही मुंबईत नव्हे. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्याने गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. यामागे एक भौगोलिक कोडे आहे. बोंबील विपुल मिळतो तो सौराष्ट्र ते उत्तर कोकण या पट्ट्यात. दक्षिणेकडे तो जवळजवळ नाहीसा होतो आणि बंगालच्या बाजूला पुन्हा दिसू लागतो.

६/ आपल्या बाजूचे उत्तर किनाऱ्याच्या रचनेत शोधावे लागते. येथे समुद्र दूरवर उथळ आहे, तळ चिखलाचा आहे आणि भरती-ओहोटीचा ओढ जबरदस्त आहे. बोंबील हा मऊ अंगाचा, जोरदार पोहू न शकणारा मासा. तो प्रवाहाबरोबर वाहतो. कोळी, मांगेला, वैती या समाजांनी नेमकी हीच गोष्ट हेरली.

७/ त्यातून डोल जाळे उभे राहिले. समुद्राच्या तळात खुंट रोवायचे आणि त्यांना नरसाळ्यासारखे लांबलचक जाळे बांधायचे. जाळ्याचे तोंड प्रवाहाकडे असते आणि शेपटाकडे आस बारीक होत जातो. माशाचा पाठलाग करायचा नाही. पाणीच मासा घेऊन येते. उधाणाला ओढ वाढतो, भांगाला मंदावतो, आणि मासेमारी चंद्राच्या तिथीवर चालते. खुंट रोवण्याच्या हक्काच्या जागेला ‘कव’ म्हणतात. म्हणजे वरवर मोकळ्या दिसणाऱ्या समुद्रातही हक्कांचा नकाशा होता.

८/ बोंबील कोळंबीच्या जातीचे बारीक जीव, विशेषतः जवळा, खातो. प्रसंगी स्वतःची पिल्लेही खातो. हाच जवळा माणसेही वाळवून खातात. म्हणून गाळ, प्रवाह, जवळा, बोंबील आणि माणूस ही एकच साखळी आहे. तिचा एक दुवा हलला की पुढचे सारे हलतात. माशाच्या पोटातील अन्नाची तपासणी म्हणजे या साखळीचा पुरावा गोळा करणे होय.

९/ बोंबलाच्या अंगात पाण्याचे प्रमाण फार असते, त्यामुळे ताजा बोंबील टिकत नाही. बांबूच्या वलांड्यांवर वाळवला की मात्र तो महिनोन्महिने राहतो. पावसाळ्यात नावा किनाऱ्याला लागल्यावर आगोटीला भरून ठेवलेली ही सुकी मासळीच किनाऱ्याची आणि आतल्या आदिवासी पाड्यांचीही भूक भागवत आली. कोकणातील अन्नाचा इतिहास केवळ भातशेतीवरून लिहिला, तर अर्धे ताट रिकामे राहते.

१०/ आता मोजणीकडे येऊ. प्रत्येक नाव मोजणे अशक्य. म्हणून संस्था किनाऱ्याचे विभाग पाडते, काही बंदरे, काही दिवस आणि काही नावा नमुन्यादाखल निवडते आणि त्यावरून एकूण उत्पादनाचा अंदाज बांधते. दशकानुदशके चालत आलेल्या या नोंदी म्हणजे समुद्राचे दप्तर. मात्र दप्तर कोणतेही असो, ते आपोआप बोलत नाही.

११/ उदाहरणार्थ, २०१९ मध्ये महाराष्ट्राचे सागरी मत्स्योत्पादन सुमारे २.०१ लाख टनांवर आले. हा ४५ वर्षांतील नीचांक होता. पण त्या वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांनी नावा किनाऱ्यावर अडकवल्या होत्या. म्हणजे आकड्यातील घट माशांची किती आणि समुद्रात न गेलेल्या दिवसांची किती, हे वेगळे करावे लागते. एका वर्षावरून निष्कर्ष काढणे हे एकाच बखरीवरून इतिहास लिहिण्यासारखे आहे.

१२/ १९९५ मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञाने एका छोट्या लेखात मोठा मुद्दा मांडला. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातला समुद्रच ‘मूळचा’ मानते आणि तेथून घट मोजते. पुढची पिढी त्या घटलेल्या समुद्रालाच मूळ धरते. अशा रीतीने एकूण ऱ्हास कोणालाच दिसत नाही. यावरचा उपाय म्हणून त्यांनी जुन्या आठवणी आणि जुनी कागदपत्रे पुरावा म्हणून वाचायला सांगितले. हे काम इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच नव्हे काय?

१३/ हा पुरावा कोणा एकाची बाजू घेत नाही. बारीक आसाच्या डोलीत पापलेटची पिल्लेही सापडतात, हे संशोधकांनी वारंवार नोंदवले आहे. पापलेटसाठी प्रसिद्ध असलेले सातपाटी इथून फार दूर नाही. २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा घोषित झाला. ट्रॉलर, पर्ससीन यांची वाढ हे मोठे कारण खरेच, पण पारंपरिक जाळेही प्रश्नांच्या पलीकडे राहत नाही.

१४/ बदल जमिनीकडूनही आला. १९६९ मध्ये तारापूर अणुवीज केंद्र सुरू झाले आणि पुढे औद्योगिक वसाहत वाढली. तिथल्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाजाची संघटना २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. दुसरीकडे १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले.

१५/ याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणचे बंदर नाकारले आणि याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये त्याला परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. प्रकल्पाचा खर्च सुमारे ७६,२०० कोटी रुपये असून समुद्रात १,४४८ हेक्टर भराव नियोजित आहे. पाठीराखे रोजगार आणि व्यापाराकडे बोट दाखवतात; मच्छीमार प्रवाह, गाळ आणि कवींकडे. डोल प्रवाहावर जगते. भरावाने प्रवाह वळला, तर मासा शिल्लक असूनही जाळे रिकामे राहू शकते.

१६/ उद्या बंदराच्या परिणामांचे मोजमाप होईल, तेव्हा तुलना कोणत्या वर्षाशी करायची? २०२३ शी केली तर हानी लहान दिसेल, १९७० शी केली तर मोठी. कोणते वर्ष आरंभ मानायचे, हा निर्णय आकडेमोडीचा नसून इतिहासदृष्टीचा आहे.

१७/ म्हणून एक विनंती. आपल्यापैकी ज्यांची घरे या किनाऱ्यावर आहेत, त्यांनी आजी-आजोबांच्या आठवणी लिहून ठेवाव्यात : कोणती मासळी, कोणत्या महिन्यात, कोणत्या कवीवर, साधारण किती टोपल्या. वर्ष आणि ठिकाण अवश्य लिहावे. सरकारी नोंदींत टनांचा हिशेब सापडतो. कोणत्या कवीवर कोणत्या तिथीला बोंबील भरत असे, हे बहुधा त्या वहीतच सापडेल.